आधी पाणी, मग दवाखाना

एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: चिकलठाणा वेधशाळेत ४२ अंशांची नोंद. ती वाचून आपण उपरणं-टोपी शोधतो, पोरांना दुपारी खेळायला सोडत नाही, कूलरच्या टाकीत पाणी आहे का ते बघतो. पण हा ४२ चा आकडा येतो कुठून? वेधशाळेत मोकळ्या जागेवर पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची एक लाकडी पेटी उभी असते. तिच्यातल्या तापमापी जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर असतात. त्यांना ऊन लागत नाही, वारा मात्र आरपार खेळतो. म्हणजे तो आकडा चार फुटांवरच्या, सावलीतल्या हवेचा असतो.

एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर साखळीला बांधलेलं कुत्रं त्या चार फुटांवर राहत नाही. त्याचं पोट जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असतं, पंजे थेट जमिनीवर. भर दुपारी डांबरी रस्ता ६० अंशांच्या आसपास सहज तापतो. पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा कोबाही फार मागे नसतो. डोक्यावर पत्र्याचं शेड असेल तर वरून पत्रा धग सोडतो आणि खालून जमीन. आपल्याला सावली वाटते ती जागा त्या जनावरासाठी भट्टी झालेली असते.

आता त्याच पेटीतल्या दुसऱ्या एका तापमापीकडे बघू. तिची बातमी कधी छापून येत नाही, पण कुत्र्याचं भवितव्य पहिलीपेक्षा तिच्यावर जास्त ठरतं. या तापमापीच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली असते आणि चिंधीचं टोक पाण्याच्या छोट्या भांड्यात बुडवलेलं असतं. चिंधीतलं पाणी उडून जाताना फुग्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून या तापमापीचा पारा कायम खाली असतो. किती खाली, हे हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. मे महिन्यातल्या दुपारी इथली आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते. तेव्हा ४२ अंशांतही हा ओला पारा २२-२३ अंशांपाशीच थांबतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ढग जमतात, पाऊस हूल देतो, हवा दमट होते. बाहेर ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असली की तोच ओला पारा २८ च्या वर चढतो. वर्तमानपत्रातला आकडा सात अंशांनी उतरलेला असतो आणि ओला पारा सहा अंशांनी चढलेला.

मराठवाड्यातल्या माणसाला हे तापमापीशिवायही ठाऊक असतं, कारण त्याच्या घरी कूलर असतो. मे महिन्यात कूलरपुढे अंगावर चादर घ्यावी लागते. तोच कूलर जूनमध्ये नुसता ओला वारा फेकतो आणि अंग चिकट करून ठेवतो. कुत्र्याचं नाक म्हणजे असाच एक कूलर आहे, आणि त्याच्या शरीरात उष्णता बाहेर टाकायचं दुसरं मोठं साधन नाही.

माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या कामाच्या ग्रंथी काय त्या पंजांच्या गाद्यांत असतात, आणि शरीर थंड ठेवायला त्या अगदी अपुऱ्या पडतात. हवा गार असेल तर कुत्रं कान, पोट, मांडीच्या आतल्या बाजूची विरळ केसांची कातडी इथून उष्णता सोडतं, गार फरशीवर पोट टेकून पसरतं. पण निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९.२ अंशांच्या दरम्यान असतं. हवाच ४२ अंशांची झाली की उष्णतेचा प्रवास उलटा सुरू होतो: हवेकडून कुत्र्याकडे. मग धापणं एवढा एकच मार्ग उरतो.

हे धापणं आपल्याला दमल्याचं लक्षण वाटतं. प्रत्यक्षात ती फार नेटकी यंत्रणा आहे. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारं कुत्रं धापताना तीनशेच्या वर जातं. एवढ्या वेगाने छाती हलवायची म्हणजे स्नायूंनी उलट उष्णताच निर्माण करायची. पण कुत्र्याच्या छातीला आणि फुप्फुसांना स्वतःची अशी एक लय असते आणि कुत्रं नेमकं त्याच लयीत धापतं, त्यामुळे फार ताकद खर्ची पडत नाही. श्वासही उथळ असतात, कारण हवा खेळवायची असते ती नाकातोंडात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये या हवेची वाट मोजून दाखवली: धापताना हवा मुख्यतः नाकाने आत जाते आणि तोंडाने बाहेर पडते. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर ओलं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर असतं. कोरडी हवा त्यावरून गेली की पाणी उडतं आणि खालचं रक्त थंड होतं. गरम झालेली ओली हवा नाकाने परत आली असती तर तिने घेतलेली उष्णता तिथेच परत दिली असती, म्हणून ती तोंडावाटे सोडली जाते. अस्तर ओलं राहावं यासाठी नाकाच्या बाजूला एक वेगळी ग्रंथीही असते. ऊन वाढलं की ती जास्त पाणी सोडते.

एवढं समजलं की चिकलठाण्याच्या उन्हाळ्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. पहिली म्हणजे पाणी. अंगातलं पाणी उडवून थंड राहणाऱ्या जनावराला पाणी कमी पडलं तर सगळं संपलं. आपल्या शहराला जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांच्या खंडाने मिळतं, त्यामुळे हौद-टाक्यांतलं पाणी सगळे जपून वापरतात. तरी कुत्र्याच्या वाट्याचं भांडं त्यातून वगळू नये, आणि ते उलटणार नाही असं जड असावं. मातीची पसरट परात किंवा सिमेंटची कुंडी उत्तम. स्टीलचं पातेलं उन्हात ठेवलं तर दुपारी दोन वाजता त्यातल्या पाण्याला कुत्रं तोंड लावत नाही.

दुसरी गोष्ट बंद घरातल्या कूलरची. खिडक्या-दारं लावून कूलर चालवला की तासाभरात खोलीतली हवा ओलीचिंब होते. माणसाला वाऱ्याने बरं वाटत राहतं, पण कुत्र्याच्या नाकातलं पाणी उडायला जागा उरत नाही. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी असायलाच हवी. नवरा-बायको दोघंही कंपनीत शिफ्टला जात असतील आणि कुत्रं फ्लॅटमध्ये एकटं असेल तर दुपारी वीज गेली की काय होईल, याचा विचार सकाळीच करून ठेवावा लागतो. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून फरशी ओली केली, पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट लावलं आणि वारा यायला वाट ठेवली, तर निदान दोन-तीन तास निभावतात. वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखालच्या खोलीत मात्र कुत्र्याला एकटं कोंडून जाऊच नये.

तिसरी गोष्ट नाकाची. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह-त्झू या कुत्र्यांचा चेहरा माणसाने पिढ्यानपिढ्या चपटा करत आणला. नाकातल्या त्या गुंडाळ्या दाटीवाटीने कोंबल्या गेल्या, नाकपुड्या चिरीएवढ्या उरल्या, टाळू लांब राहून घशात लोंबू लागली. धापण्यासाठी त्यांना इतकी ताकद लावावी लागते की धापण्याचीच उष्णता होते, घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या आणि रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी तिथल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या २०१६ सालच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष छापले. लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघाताचा धोका सुमारे १४ पट दिसला. चाऊ चाऊ या दाट केसांच्या जातीला त्याहूनही जास्त. उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण सातातलं एक दगावलं. हे ब्रिटनमधलं, जिथे ३० अंशांना लोक हैराण होतात. मला प्रामाणिकपणे वाटतं की मराठवाड्यात पग किंवा हस्कीचं पिल्लू विकत घेऊ नये. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी ते जिवापाड सांभाळावं, पण नव्याने आणून या उन्हात ठेवणं हा त्या जिवावर अन्याय आहे. आपल्याकडे लातूर-सोलापूर पट्ट्यात कारवानी कुत्री पिढ्यानपिढ्या पाळली जातात. लांब मुस्कट, आखूड केस, अंगावर चरबी नाही. या हवेला घडलेलं जनावर कसं दिसतं ते त्यांच्याकडे बघून कळतं. आणि गल्लीतलं गावठी पिल्लूही त्याच मातीतलं असतं.

अर्थात कारवानीलाही उष्माघात होतो, आणि तो बहुधा धावताना होतो. त्याच ब्रिटिश संशोधकांनी कारणं तपासली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश घटनांमागे व्यायाम निघाला: चालणं, धावणं, चेंडूमागे पळणं. बंद गाडीत अडकून झालेल्या घटना पाच टक्क्यांच्या आसपास होत्या. गाडीचा धोका त्यामुळे कमी होत नाही. अमेरिकेत २००५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात बाहेर २२ ते ३६ अंश असताना उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात सरासरी २२ अंशांनी तापली, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. जालना रोडवर दुकानात 'दोन मिनिटांत येतो' म्हणून गाडीत कुत्रं ठेवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. पण गाडीची भीती अनेकांना असते, फिरायला नेण्याची नसते, आणि जास्त कुत्री जातात ती तिथे. मालक थांबेपर्यंत कुत्रं थांबत नाही. त्याला सोबत हवी असते, म्हणून ते जीव तोडून मागे येत राहतं.

फिरवायची वेळ पहाटेची. मे महिन्यात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा सात वाजेपर्यंत सगळं उरकावं. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं दिसतं, पण डांबर आणि भिंती दिवसभराची धग रात्री आठ-नऊपर्यंत सोडत राहतात. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर टेकवून पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्यालाही त्यावर चालवू नये. मार्च महिन्यातले पहिले तापलेले दिवस विशेष जपावेत, कारण ऊन अंगवळणी पडायला शरीराला काही आठवडे लागतात. लठ्ठ, म्हातारं, हृदयाचा आजार असलेलं कुत्रं असेल तर उन्हाळाभर शी-शूपुरतं बाहेर नेलं तरी पुरे.

केसांबद्दल एक गैरसमज आहे. उन्हाळा आला की दाट केसांच्या कुत्र्याचं मुंडण करून टाकायचं. जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि वरचा थर थेट ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही. आतली सुटलेली लोकर रोज विंचरून काढावी, म्हणजे हवा खेळते. पोटाचे केस बारीक करायला हरकत नाही.

गेटवरच्या कुत्र्यांविषयी कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण चिकलठाण्यात ती पावलोपावली आहेत. वॉचमन बदलतात, ठेकेदार बदलतो, कुत्रं तिथेच राहतं आणि ते नक्की कुणाचं हे कुणीच सांगत नाही. सकाळी नऊला शेडची सावली पाहून बांधलेलं कुत्रं दुपारी दोनला उन्हात असतं, कारण सावली सरकते आणि साखळी सरकत नाही. मोकळं कुत्रं आपली सोय आपण बघतं: लिंबाच्या झाडाखाली ओलसर माती उकरून त्यात पोट टेकतं, नळाच्या गळतीपाशी जातं, उभ्या ट्रकखाली शिरतं. बांधलेल्याचा तो हक्कच काढून घेतलेला असतो. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातल्या ११ व्या कलमानुसार जनावराला अवाजवी आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि मालकाने त्याला पुरेसं पाणी व निवारा न देणं हा गुन्हा आहे. मार्च ते जून दिवसा साखळी सोडावी, झाडाखालची माती उकरू द्यावी, एक कुंडी भरलेली ठेवावी. कारखान्याला याचा खर्च नगण्य आहे.

एवढं करूनही एखाद्या दुपारी कुत्र्याला ऊन लागतंच. धापणं सावलीत आणूनही थांबत नाही, तोंडातून घट्ट तार सुटलेली लाळ गळते, डोळे टक्क उघडे राहतात, चालताना मागचे पाय वाकडे पडतात. ओठ वर करून हिरड्या बघाव्यात. एरवी त्या फिकट गुलाबी असतात आणि बोटाने दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. उष्माघातात त्या विटेसारख्या लालभडक होतात. पुढे प्रकृती ढासळली की फिकट किंवा करड्या पडतात. उलटी, रक्ताचे जुलाब, झटके हे त्यानंतरचे टप्पे. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर टिकून राहिलं की आतल्या पेशी अक्षरशः शिजू लागतात. आतड्याचं अस्तर फाटून त्यातले जंतू रक्तात उतरतात, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात, रक्त गोठवण्याची यंत्रणा कोलमडते.

अशा वेळी सगळ्यांची पहिली धाव दवाखान्याकडे असते, आणि नेमकं तिथे चुकतं. चिकलठाण्याहून खडकेश्वरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा जालना रोड पार करायचा. दुपारच्या गर्दीत अर्धा तास सहज जातो, आणि तो अर्धा तास कुत्रं आतल्या आत शिजत राहतं. इस्राएलमधल्या पशुवैद्यकांनी १९९९ ते २००४ दरम्यान उपचारांसाठी आलेल्या ५४ उष्माघातग्रस्त कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यातली निम्मी दगावली, आणि ज्यांना उपचार मिळायला दीड तासाहून जास्त उशीर झाला त्यांच्यात मृत्यूचा धोका वाढलेला होता. म्हणून आता जगभरचे पशुवैद्य एकच सांगतात: जिथे कोसळलं तिथेच आधी थंड करा, मग हलवा.

थंड करायला पाणी किती लागतं? इथे हिशेब आपल्या बाजूचा आहे. वीस किलोच्या कुत्र्याचं तापमान ४२ वरून साडेएकोणचाळीसवर आणायचं तर साधारण ४२ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम पाणी उडून जाताना अर्ध्या किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता नेतं. म्हणजे कुत्र्याच्या कातडीवरून ७०-७५ ग्रॅम पाणी उडालं तरी काम होतं. प्रत्यक्षात बरंच पाणी ओघळून जातं, म्हणून बादलीभर घ्यावं. पण नुसतं ओतण्यापेक्षा पाणी उडून जाणं किती मोलाचं आहे ते या आकड्यांतून दिसतं. त्यासाठी वारा हवा. सावलीत आणायचं, पोट, काखा, मांड्यांच्या आतली बाजू, मान आणि पंजे कातडीपर्यंत भिजवायचे, केसांत बोटं घालून पाणी आत पोचवायचं, आणि टेबलफॅन, कूलर किंवा पुठ्ठा, जे असेल त्याने सतत वारा घालायचा. अंग सुकलं की पुन्हा भिजवायचं. मराठवाड्याची तापलेली हवा, जिने हा घात केला, तीच कोरडी असल्याने इथे मदतीला येते.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी थेट वापरू नये. मे महिन्यात दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही. माठातलं, रांजणातलं, हौदातलं किंवा बोअरचं ताजं पाणी घ्यावं. माठ आपल्या अंगातून पाणी पाझरवून उडवत असतो, त्यामुळे त्यातलं पाणी पेटीतल्या ओल्या पाऱ्याच्या जवळपास उतरलेलं असतं. थंड पाण्याने धक्का बसून कुत्रं मरतं ही भीती खूप ऐकू येते, पण तिला आधार नाही. तरुण, निरोगी कुत्रं धावून कोसळलं असेल तर त्याला डोकं वर धरून थेट हौदात उतरवणंही चालतं, तो सर्वांत जलद उपाय आहे. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला पाणी-वाऱ्याचा मार्ग बरा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि वारा अडवतो. नाकातोंडावर धार सोडू नये. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवावं, पिईल तेवढं पिऊ द्यावं. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात चमचाभरही ओतू नये, ते फुप्फुसात जातं.

घरगुती उपायांपैकी दोन इथे घातक ठरतात. ऊन लागलं की आपण कांदा आठवतो: खिशात ठेवतो, रस तळपायाला चोळतो. कुत्र्याच्या पंजाला कांदा चोळला की ते पंजा चाटतं, आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. दुसरा उपाय पॅरासिटामॉलचा. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो आणि ते औषध मेंदूचा तो हुकूम मागे घ्यायला लावतं. उष्माघातात मेंदूने हुकूम दिलेलाच नसतो, शरीर बाहेरच्या उष्णतेपुढे हरलेलं असतं. त्यामुळे गोळीचा फायदा शून्य आणि यकृतावर घाव मात्र पडतो.

गुदद्वारात घालायची साधी डिजिटल तापमापी घरी असावी. पारा ३९.५ वर आला की भिजवणं थांबवावं, नाहीतर शरीर उलट फार गार पडतं. तापमापी नसेल तर धापणं शांत होणं किंवा अंगाला कापरं भरणं ही थांबायची खूण समजावी. मग ओल्या अंगानेच, गाडीच्या काचा उघड्या ठेवून किंवा एसी लावून दवाखाना गाठावा. रिक्षा असेल तर उत्तमच, वारा आपोआप लागतो. निघताना फोन करून डॉक्टरांना कल्पना द्यावी, कधी कोसळलं आणि किती वेळ भिजवलं ते सांगावं.

कुत्रं उठून शेपूट हलवायला लागलं तरी दवाखाना टाळू नये. आतड्याचं, मूत्रपिंडांचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं गणित एक-दोन दिवसांनी वर येतं, तोवर वरून सगळं ठीक दिसतं. रक्ताच्या तपासण्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कराव्या लागतात, सलाईन लागू शकतं. घरी आणल्यावर तीन दिवस हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटतात का, शी काळी किंवा रक्ताची होते का, ते रोज बघावं. लघवीचा रंग गडद चहासारखा दिसला, किंवा भरपूर पाणी पिऊनही लघवी होत नसेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा.